पहिल्या पावसातला ताप



मृगाची पहिली सर आली की आपण विदर्भातली माणसं हुश्श म्हणतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर गेलेला पारा उतरतो, पेरणीची लगबग सुरू होते. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून माझी काळजी मात्र याच दिवसांत वाढते.

या काळजीचं कारण जुनं आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, तो ओळखला आणि त्याला गावाचंच नाव मिळालं. पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्यामुळे ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं पुन्हा डोकं वर काढलं. दोन्ही वेळा दिवस पावसाळ्याचे, आणि बळी मुख्यतः पंधरा वर्षांच्या आतली मुलं.

असं का? हा विषाणू पसरवते वाळूमाशी. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, मातकट, केसाळ. उन्हाळ्याच्या कोरड्या झळा तिला सोसत नाहीत. पावसानं हवा दमट झाली, गोठ्यातल्या शेणामातीत ऊब आणि ओल एकदम आली, की तिची अंडी-अळ्या जगतात. दिवसा ती भिंतीच्या भेगेत दडते. एका मातीच्या घरात मी बॅटरी लावून पाहिलं होतं. बाळाच्या बाजेच्या अगदी उशाशी, भेगेच्या कडेला, पंख उभे धरून ती बसलेली. हात जवळ नेला तर उडाली नाही, टुणकन पुढे सरकली. बाजेवर मच्छरदाणी होती, पण साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत शिरते. म्हणून भेगा लिंपून घ्या, उकिरडा घरापासून लांब न्या, मुलांची बाज भिंतीपासून दूर सरकवा.

हा आजार सवड देत नाही. सकाळी अंगणात खेळणारं मूल दुपारी तापानं फणफणतं, ओकाऱ्या होतात, संध्याकाळी झटके येतात. एका पहाटे चार वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली, बेशुद्ध. आईबाप शेतावर, पोर आजीजवळ. "उजाडल्यावर नेऊ म्हटलं जी," आजी पुन्हा पुन्हा सांगत होती. तो ताप नेमका कसला हे कळायच्या आतच मुलगी गेली. आजीचा दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आज सांगतो. चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषधही नाही. पण झटके थांबवणं, श्वास आणि रक्तातली साखर सांभाळणं दवाखान्यात होऊ शकतं, आणि वेळेत झालं तर मूल वाचू शकतं. झटका आला तर मुलाला कुशीवर निजवा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. या पावसाळ्यात तापासोबत ओकारी, गुंगी किंवा झटका दिसला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उजाडायची वाट पाहू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन लावा.