दोन मिनिटांची चित्रफीत
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनिअर आहे. रुळाचे काम चालू असले की लोको पायलटला कॉशन ऑर्डर मिळते. तीत व्याख्यान नसते. कोठून कोठपर्यंत, किती वेगाने, एवढेच. साथीच्या काळातील चित्रफीतही अशीच असावी.

पोलिओचे उदाहरण घ्या. अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीत एकच सांगितले, बाळाला दोन थेंब पाजा. आणि जाहिरातीमागोमाग दार ठोठावणारी कार्यकर्ती होती. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

एप्रिल २०२१ मध्ये रायपुरात लॉकडाऊन होता आणि रुग्णालयात खाट मिळणे कठीण झाले होते. तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पालथे झोपण्याची रीत सचित्र प्रसिद्ध केली. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेल्यास पालथे झोपावे. उशा मानेखाली, छातीपासून मांड्यांपर्यंत आणि नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नको, गरोदरपणी नको. हे ऐकून लक्षात राहत नाही, पाहिले की लगेच कळते. आमच्या शेजारच्या एका आजींना नातवाने मोबाईलवर पाहूनच तसे झोपवले होते.

याची दुसरी बाजूही आहे. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचार सरकारी मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला, तरी प्लाझ्मादाता शोधण्याचे निरोप फिरतच राहिले. तारीख नसलेली चित्रफीत म्हणजे काल उठलेला निर्बंध आज पाळायला लावणे. म्हणून पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: कोणी सांगितले, कधी सांगितले, आणि दवाखान्यात केव्हा जायचे हे त्यात आहे का?

आता मंडळाला विनंती. हे दिवस डासांचे आहेत. २०१८ मध्ये जवळच्या भिलाईत डेंग्यूने बळी घेतले, हे आपण विसरलेलो नाही. आरतीनंतर पडद्यावर दोनच मिनिटे दाखवू: कूलर, टाकी, कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. आजींसाठी मराठीत, शेजाऱ्यांसाठी हिंदीत आणि कामाला येणाऱ्या ताईंसाठी छत्तीसगढीत. मोहल्ल्यातील मितानिनलाही बोलवू, कारण चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही, मितानिनला येतो.

 गणपती बाप्पा मोरया!