कर्णा, खुर्ची आणि धवला



न्हावा शेवा म्हटलं की आता गाव कुणाला आठवत नाही, बंदर आठवतं. न्हावा नावाचं गाव आहे. शेवा नावाचंही होतं. ते बंदरासाठी उठलं आणि तिथली माणसं नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे जाऊन बसली. १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. १९८९ साली बंदर सुरू झालं. २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी मापानं मोजले तर, सत्तर लाखांहून अधिक कंटेनर तिथून आले-गेले. त्या पेट्यांत काय असतं, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. यंत्रं असतील, रसायनं असतील, खेळणी असतील. आणि एखाद्या पेटीत, मऊ फोममध्ये गुंडाळलेली, स्पीकरची अशी एखादी जोडीही असेल की जिच्या किमतीत उरणला फ्लॅट यावा.

आज मला या स्पीकरविषयी बोलायचं आहे.

अशा महागड्या स्पीकरची प्रदर्शनं भरतात. जर्मनीतल्या म्युनिकचं प्रदर्शन त्यात फार नावाजलेलं होतं. मुंबईतल्या एका हॉटेलात भरलेल्या अशाच एका प्रदर्शनाला माझा भाचा मला घेऊन गेला. खोल्यांमधले पलंग हलवलेले, खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर गालिचे. पुढे माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि समोर खुर्च्या. खुर्च्या पुष्कळ होत्या, पण खरी खुर्ची एकच. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जिथे नीट जुळतो, तिथली. त्या खुर्चीत बसलं की गाणारी बाई बरोबर मधोमध उभी राहते. शेजारच्या खुर्चीत बसलं की ती एका बाजूला सरकते. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरनं १९३१ साली ज्या स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची ही करामत. लोक त्या एका खुर्चीसाठी रांगेत उभे होते.

आतलं यंत्र म्हणाल तर साधं आहे. अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली ज्या रूपात ते मांडलं, तेच रूप आजही चालतं. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. तारेतून गाण्याची वीज गेली की वेटोळं मागेपुढे होतं, शंकू हवा ढकलतो आणि ती थरथर आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येते. शंभर वर्षं झाली, तत्त्व बदललेलं नाही. गणपतीच्या मांडवातल्या खोक्यात आणि त्या हॉटेलातल्या स्पीकरमध्ये नातं सख्ख्या भावांचं आहे. फरक इतकाच, की मांडवातल्या स्पीकरला आवाज लांब पोचवायचा असतो आणि हॉटेलातल्याला आपण तिथे आहोत हेच लपवायचं असतं.

तिथला मुलगा सांगत होता, ‘अंकल, हा चाळीस हजार हर्ट्झपर्यंत जातो.’ माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर वीस हजारांपर्यंत पोचतो आणि वय वाढलं की वरचे सूर आधी सोडून जातात. म्हणजे किमतीतला बराच भाग माझ्या पन्नाशीच्या कानापर्यंत येणारच नव्हता. तरी मी त्या खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, थक्क झालो. एक परदेशी बाई गात होती. शब्द उच्चारण्याआधी तिचे ओठ विलग झाल्याचा आवाज मला ऐकू आला. दोन ओळींच्या मधला श्वास ऐकू आला. कवितेत ज्या विरामासाठी आम्ही रात्र रात्र झगडतो, तो विराम तिथे खोलीत येऊन बसला होता.

मग मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

आमच्या उरण-पनवेलच्या बाजूला आगरी-कोळी लग्नांत धवला गातात. लग्नाचा एकेक विधी धवलारीण गाऊन पार पाडते. हा शब्द मराठीत आजचा नव्हे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं धवळे रचले, ते मराठीतलं अगदी आरंभीचं काव्य. मी मराठीत लिहितो, तेव्हा माझी वंशावळ मी तिथपर्यंत नेतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नात मी एका वयोवृद्ध धवलारणीचं गाणं मोबाइलवर घेतलं होतं. फोन पुढे धरला तेव्हा आजी हसून म्हणाली होती, ‘या डबीन माजा गाना मावंल काय रं?’

तेच गाणं मी त्या स्पीकरवर लावायला सांगितलं. मुलानं आढेवेढे न घेता लावलं.

पहिल्यांदा जनरेटर ऐकू आला. मग कुणाच्या तरी बांगड्या, रडणारं पोर, पलीकडच्या मांडवातल्या डीजेची धडधड. मग रस्त्यावरून मागे येणाऱ्या ट्रेलरचा टीं-टीं आवाज, इतका स्पष्ट की रांगेतल्या एकानं वळून पाहिलं. या सगळ्याच्या मागे, भिंतीपलीकडून यावा तसा, आजीचा आवाज. सूर कळत होता, शब्द कळत नव्हते. मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘अंकल, स्पीकरचा दोष नाही. तो खरं तेच सांगतो.’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. स्पीकर कितीही मोलाचा असो, माइकपर्यंत जे पोचलं नाही ते तो आणणार कुठून? आता ती आजी नाही. तिच्याबरोबर किती धवले गेले याचा हिशेब कुणाकडे नाही. जगातला उत्तमोत्तम स्पीकर आमच्या दारातून आत येतो आणि त्यावर लावायला आमच्या गावाचा आवाज आमच्याकडे नसतो, ही गोष्ट मला त्या दिवसापासून बोचते आहे.

तिचा आवाज हरवला कशात, हेही पाहायला हवं. डेसिबलचं माप फसवं असतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५च्या निकालानं ती उचलून धरली. सणांच्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, ती वेगळी.

मी मुसलमान आहे. त्यामुळे भोंग्याचा विषय निघाला की मंडळी आधी माझ्याकडे पाहतात. मला एवढंच म्हणायचं आहे, की कर्णा येण्याआधी तेराशे वर्षं अजान माणसाच्या गळ्यातूनच दिली जात होती. कीर्तनकाराचा आवाजही गळ्यातूनच मागच्या रांगेपर्यंत जात होता आणि धवलाही. गळ्याला मर्यादा होती, म्हणून शेजाऱ्याच्या गळ्यालाही जागा होती. कर्ण्यानं ती मर्यादा काढून टाकली. नियम मशिदीला, देवळाला आणि हळदीच्या डीजेला सारखाच लागू आहे आणि तो सारखाच पाळला जावा. त्यात कुणाचा धर्म बुडत नाही. उलट बांग देणाऱ्याचा गळा गोड आहे की नाही, हे तरी निदान कळेल.

हॉटेलातल्या त्या खुर्चीत एकाच माणसाला नीट ऐकू येतं. डीजेच्या मांडवात शेकडो माणसं असतात आणि कुणालाच काही नीट ऐकू येत नाही. धवलारीण मात्र मांडवात मधोमध बसायची, बायका भोवती बसायच्या आणि प्रत्येकीची खुर्ची खरी असायची. तो प्रकार परत आणणं अगदीच अशक्य नाही. लग्नात तासभर डीजे थांबवता येतो. थांबवून पाहा.

आणि फोन तर आता घरोघरी आहे. तुमच्या आळीत धवला, ओवी, जात्यावरची गाणी येणारी कुणी बाई असेल तर लग्नाची वाट पाहू नका. एखाद्या दुपारी तिच्याकडे जा. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर, मऊ फडक्यावर ठेवा. आधी तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या. मग सबंध गाणं घ्या, तुकडा नको. मधे ती थांबली तर बोलू नका. तो श्वासही येऊ द्या. घरी आल्यावर त्याची आणखी एक प्रत करून दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्या.

स्पीकर कुठला घ्यायचा, ते नंतर पाहू.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)