समुद्रकाठची बिल्डिंग आणि न उघडलेली पीडीएफ

मी बोलतेय मालेगावहून. नाशिकचं मालेगाव नाही हं, वाशिमचं. दर भागात हे सांगावंच लागतं, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच की ताई, यंत्रमागाचा आवाज का येत नाही मागून.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. समुद्रकाठची हाउसिंग सोसायटी. आमच्यापासून समुद्र जवळपास पाचशे किलोमीटर. इथल्या अर्ध्या लोकांनी तो फक्त रीलमध्ये पाहिलाय. पण गेल्या वर्षी माझ्या फोनमध्ये एका समुद्रकाठच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप येऊन बसला, आणि त्यातून जे कळलं ते मालेगावात राहणाऱ्यालाही लागू आहे. म्हणून सांगते.

माझे मामा. ऐंशीच्या दशकात इथून मुंबईला गेले, नोकरी केली, पै पै जमवून पश्चिम उपनगरात एक वन-बीएचके घेतला. सात मजल्यांची बिल्डिंग, ४२ फ्लॅट, १९९१ ची. गच्चीवर उभं राहिलं की समोर समुद्र. रिटायर झाल्यावर मामा परत आले, शेती बघायला लागले आणि फ्लॅट भाड्यानं दिला. तिथं एक जोडपं राहतं, त्यांना चार वर्षांचा मुलगा आहे.

मी इथं ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, दाखले हे माझं रोजचं काम. लोक कागद घेऊन येतात आणि म्हणतात, वाचून सांग. तसेच मामा एक दिवस फोन घेऊन आले. म्हणाले, "ह्या ग्रुपवरचं मले काही समजत नाही माय. गुड मॉर्निंगचे फुलं येतात तेवढे पाहतो. तूच वाचत जाय." आणि त्यांनी मला ग्रुपमध्ये घ्यायला लावलं.

पहिला आठवडा मजेत गेला. पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर आडवी आहे, पाणी किती वाजता जाणार, गणपतीची वर्गणी कुणी दिली नाही. मग मी सहज वर सरकवत गेले. जुन्या मेसेजमध्ये एक पीडीएफ दिसली. २०१९ ची. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, ४७ पानं, सगळा इंग्रजीत. त्याच्या खाली तीन अंगठे आणि एक नमस्कार. पुढचा मेसेज लिफ्टचा.

मी ती पीडीएफ उघडली. शब्द अवघड होते, पण १९ व्या पानावरच्या फोटोला भाषा लागत नव्हती. खालच्या पार्किंगमधला एक खांब. त्याचं काँक्रीट सुटलेलं आणि आतल्या सळया उघड्या, लालबुंद गंजलेल्या. फोटोखाली लिहिलं होतं की दुरुस्ती लवकरात लवकर करावी. अंदाजे खर्च ६३ लाख. म्हणजे घरटी दीड लाख.

आता थोडं विज्ञान सांगते, कारण मलाही हे माहीत नव्हतं. काँक्रीटच्या आत लोखंडी सळई सुरक्षित असते, कारण काँक्रीट तिच्यावर एक संरक्षक थर धरून ठेवतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. ते मीठ ओलाव्याबरोबर बारीक भेगांमधून हळूहळू आत जातं आणि तो थर मोडतं. मग सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे सळई आतल्या आत फुगते आणि काँक्रीटला फोडते. भेग मोठी झाली की आणखी पाणी, आणखी मीठ. सुरुवातीची बरीच वर्षं काही दिसत नाही आणि एकदा सुरू झालं की वेग वाढत जातो. म्हणूनच आज दीड लाखात होणारं काम पाच वर्षांनी दीड लाखात होत नाही.

झालंही तेच. २०२० मध्ये कोविड आला. मग कुणी म्हणालं रिडेव्हलपमेंट येणारच आहे, दुरुस्तीवर कशाला पैसे घालायचे. बिल्डर आले, बघून गेले. गेल्या वर्षी नवा अंदाज काढला तर आकडा दीड कोटीच्या वर. घरटी ३ लाख ६० हजार.

त्यावर विशेष सर्वसाधारण सभा झाली होती. नोटीस ग्रुपवर होती, मी नंतर शोधून वाचली. चार विषय. चौथा विषय: "आवश्यक दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे". बघा ना, त्या ओळीत खांबही नाही, सळईही नाही, साडेतीन लाखही नाहीत. असं वाचून कोण जाईल सभेला? ४२ पैकी १४ जण आले. गणपूर्तीला २० लागतात. अर्धा तास थांबले, सभा तहकूब केली आणि पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मत झालं: ८ नको, ६ हो. ठराव पडला.

आठ लोकांनी ४२ घरांचं ठरवलं. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. कुणाची पेन्शन तुटपुंजी, कुणाच्या मुलीचं लग्न. प्रश्न त्या २८ लोकांचा आहे जे आलेच नाहीत. त्यातले एक आमचे मामा.

मी मामांना सांगितलं तर म्हणाले, "मी तं तिथं राहतही नाही. मी कायले बोलू?"

त्याच आठवड्यात भाडेकरू ताईंचा फोन आला. स्वयंपाकघरात स्लॅबचा गिलावा पडला होता, ओट्यावर, ताटाएवढा तुकडा. त्या दुधासाठी खाली गेल्या होत्या आणि मुलगा टीव्हीसमोर बसलेला. "काकांना सांगाल का? आम्ही कुणाला सांगायचं तेच कळत नाही," असं त्या म्हणाल्या. भाडेकरूला सभेत मत नसतं. छत मात्र त्यांच्याच डोक्यावर असतं.

मामांनी एका एजंटला फोन केला. त्यानं सोपा रस्ता सांगितला. पुट्टी मारा, रंग मारा आणि पुढचा ठराव व्हायच्या आत विकून टाका. मामा आमच्या ओसरीवर बसून मला हे सांगत होते आणि मला दिसत होतं की त्यांना ते पटत चाललंय. मी विचारलं, "मामा, घेणारा कोण असेल?" ते म्हणाले, "असंल कोणीतरी." मी म्हटलं, "त्याच्याही घरी लेकरू असंल ना?" मामा गप्प झाले.

त्या रात्री केंद्र बंद केल्यावर मी एक गोष्ट वाचत बसले. तुमच्यापैकी काहींनी ती बातमी पाहिली असेल. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मायामीजवळ सर्फसाइड नावाचं गाव आहे. तिथं अगदी समुद्रकाठी शॅम्प्लेन टॉवर्स साउथ नावाची १२ मजली इमारत होती, १९८१ ची, १३६ फ्लॅट. तिकडे अशा मालकीच्या इमारतीला कॉन्डोमिनियम म्हणतात. आपल्याकडेही १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या इमारतींना हाच शब्द वापरतात. म्हणजे फ्लॅट तुमचा, पण खांब, जिना, गच्ची सगळ्यांची मिळून.

२०१८ मध्ये तिथं एका इंजिनिअरनं अहवाल दिला. स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, पाणी साचतंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय, असं त्यात होतं. खर्च लाखो डॉलरचा. रहिवाशांत भांडणं झाली, मंडळातल्या सदस्यांनी राजीनामे दिले, वर्षं गेली. एप्रिल २०२१ मध्ये अध्यक्षांनी सगळ्यांना पत्र लिहून सांगितलं की नुकसान वेगानं वाढतंय. तोवर खर्च दीड कोटी डॉलरच्या घरात गेला होता. मोठ्या वादानंतर मंजुरी मिळाली. आपला हिस्सा एकरकमी भरायचा की हप्त्यानं, हे कळवायची तारीख होती १ जुलै २०२१.

इमारत कोसळली २४ जूनला. मध्यरात्रीनंतर दीडच्या आत, लोक झोपेत असताना. ९८ माणसं गेली.

बांधतानाच तिथं ताकद कमी पडली होती, असंही पुढे तपासात आलं. म्हणजे एकट्या उशिरानं ती पडली असं मी म्हणत नाही. पण कागदावर सगळं होतं, तीन वर्षं होतं. पुढच्या वर्षी फ्लोरिडानं कायदाच बदलला. जुन्या इमारतींची ठरावीक वयानंतर तपासणी सक्तीची झाली आणि मोठ्या दुरुस्तीसाठीचा फंड टाळायची सवय बंद करायचं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नियम कुठे आहेत. आहेत. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये लिहिलंय: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. फंडही सांगितलाय. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंड. म्हणजे बांधकाम खर्च १० लाख असेल तर वर्षाला साडेसात हजार अधिक अडीच हजार. महिन्याला साडेआठशेच्या आत. मामांच्या सोसायटीनं हे पहिल्यापासून नीट जमवलं असतं, तर साडेतीन लाखांचा आकडा एकदम अंगावर आला नसता. पण दरवर्षी सभेत मेंटेनन्स कमी ठेवणारा सेक्रेटरी लोकांना आवडतो. आपल्यालाही आवडला असता.

मी दुसऱ्या दिवशी मामांना तो १९ व्या पानावरचा फोटो मोठा करून दाखवला. मग सर्फसाइडच्या दोन तारखा सांगितल्या. २४ जून आणि १ जुलै. मामा काही बोलले नाहीत. उठले आणि तूर बघायला वावरात निघून गेले. संध्याकाळी फोन आला. "पुढची मीटिंग कधी आहे? तिकीट काढ माय."

पुढची मीटिंग आपोआप लागली नव्हती, ती लावावी लागली. मी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं. ४७ पानांचं मराठीत दहा ओळींत सांगितलं, वर तो फोटो, खाली आकडा. आणि बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना एकेक करून फोन केले. कोल्हापूर, नागपूर, एक तर दुबई. सगळ्यांचं उत्तर मामांसारखंच, आम्ही तिथं राहत नाही. मी सगळ्यांना एवढंच विचारलं, भाडं घेता ना?

मामा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले. सभेला ३१ जण होते. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी उभं राहून सांगितलं की एवढे पैसे माझ्याकडे नाहीत, मी ऑडिटच्या विरोधात नाही, पण मी कुठून आणू? सभा खरी तिथं सुरू झाली, असं मामा म्हणाले. दोन तास बोलणं झालं. शेवटी २४ हप्ते ठरले, महिन्याला १५ हजार. आजींना जास्त मुदत आणि त्यांचा सुरुवातीचा भार इतरांनी वाटून घ्यायचा. मत झालं १९ हो, १२ नको.

पावसाळा संपल्यावर परांची बांधली गेली. आधी पार्किंगमधले खांब. मामांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब त्यांनी लगेच स्वखर्चानं करून घेतला आणि त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. हप्ते चालू आहेत. सोयाबीनला भाव नाही, त्यामुळे मामा अधूनमधून माझ्यावर करवादतात. "तुह्या पीडीएफनं मले खड्ड्यात घातलं," म्हणतात. पण फ्लॅट विकायचं नाव काढत नाहीत.

आता मालेगावकडे येऊ. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, जागेचे भाव बदलले, आणि आपल्यासारख्या गावांतही तीन-चार मजल्यांच्या स्कीम दिसायला लागल्या. फ्लॅट घेणारे माझ्याकडे कागदाच्या झेरॉक्सला येतात. मी विचारते, सोसायटी नोंदवली का? उत्तर येतं, बिल्डर करणार आहे. आणि आपली बिल्डिंग तर नवी आहे, समुद्रही नाही. त्यांना मी महाडची आठवण देते. २४ ऑगस्ट २०२०, तारिक गार्डन, पाच मजली, जेमतेम दहा वर्षांची इमारत. १६ माणसं गेली. समुद्राच्या मिठाची वाट तिनं पाहिली नाही.

तर ऐकणाऱ्यांसाठी या आठवड्याचं काम. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, किंवा घरच्यांचा, काकाचा, आत्याचा कुठे फ्लॅट असेल, तर तीन गोष्टी विचारा. बिल्डिंग किती सालची? शेवटचं ऑडिट कधी झालं आणि त्यात काय लिहिलंय? दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात आज किती पैसे आहेत? सभासदाला हिशेब आणि सभेचं इतिवृत्त पाहायचा हक्क सहकार कायद्यानं दिलेला आहे, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही. वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस १४ दिवस आधी यायला हवी. आली की घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. त्यांना इंग्रजी पीडीएफ उघडायचा कंटाळा येतो आणि आपल्या हातात तर दिवसभर फोनच असतो.

काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू.

आणि हो, परवा भाडेकरू ताईंनी एक व्हिडिओ पाठवला. त्यांचा मुलगा परांचीच्या बांबूकडे बोट दाखवून विचारतोय, बिल्डिंगला फ्रॅक्चर झालंय का? मी मामांना दाखवला. त्यांनी तो चार वेळा पाहिला, आणि मग मला म्हणाले, ह्या महिन्याचा हप्ता भरला का नाही ते एकडाव पाहून घेजो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.