कोडे आणि विश्वास

अमेरिकेतील केंटकी राज्यातली मॅमथ गुहा ही आज ज्ञात असलेली जगातील सर्वांत लांब गुहा होय. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहासमूहांना जोडणारी वाट १९७२ साली ज्या तुकडीने शोधून काढली, तीत पॅट क्राउदर होत्या. त्यांचे पती विल हे संगणकतज्ज्ञ. गुहांची मोजणी आणि नकाशे यांत त्यांनाही रस होता. पुढे हे दाम्पत्य विभक्त झाले. मुलींशी जिव्हाळा टिकावा, या इच्छेने विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास त्यांच्यासाठी संगणकावर एक खेळ रचला. त्यातील वाटा या परिचित गुहेतल्याच होत्या. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी १९७७ साली त्यात भर घातली आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तो सर्वत्र पसरला. कोड्यांवर आधारलेल्या साहसखेळांची परंपरा येथून सुरू झाली.

या खेळात चित्रे नव्हती. पडद्यावर स्थळाचे वर्णन उमटे. खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत आज्ञा द्यावी आणि यंत्राने परिणाम सांगावा. एका दालनात साप वाट अडवतो. जवळच्या पक्ष्याला पिंजऱ्यात घालून तेथे नेऊन सोडले, की तो सापाला पळवून लावतो. परंतु खेळणाऱ्याच्या हातात काळी छडी असेल, तर पक्षी घाबरतो आणि सापडतच नाही. छडी तर अन्यत्र उपयोगी पडणारी! ती क्षणभर खाली ठेवावी, हे सुचणे म्हणजेच उत्तर. येथे हाताची चपळाई कामाची नाही. कागदावर नकाशा काढावा, विचार करावा, उत्तर न सुचल्यास उठून जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. या खेळांचे आकर्षण या सवडीत आहे.

मात्र ही सवड विश्वासावर उभी असते. पुढे अनेक खेळांत आरंभी एखादी वस्तू घ्यावयाची राहिली, तर कित्येक तासांनंतर मार्गच खुंटे. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ साली एका लेखात या अन्यायावर बोट ठेवले आणि १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळात तो कटाक्षाने टाळला. रँड व रॉबिन मिलर या बंधूंच्या १९९३ मधील ‘मिस्ट’नेही घाई वा भीती न घालता, एका निर्जन बेटावर, लक्षावधी लोकांना विचारात गुंतविले. कोडे कठीण असावे, पण ते सुटण्याजोगे असावे, हा या परंपरेचा खरा वारसा होय.

हा वारसा नष्ट होण्याची भीतीही तितकीच खरी आहे. क्राउदर यांची मूळ आज्ञावली हरवली, असाच दीर्घकाळ समज होता. वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधील विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या जुन्या प्रतीत ती सापडली. डेनिस जर्झ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष गुहेशी तिची तुलना केली, तेव्हा वर्णने किती नेमकी होती ते दिसून आले. ग्रंथ जपण्यास ग्रंथालये आहेत. यंत्राबरोबर मूक होणाऱ्या या कृतींसाठीही तशीच दक्षता हवी. एका पित्याने मुलींसाठी रचलेली गुहा केवळ योगायोगाने वाचली. पुढच्या वेळी तो योग येईलच, असे नाही.