चेंडूवरील सही



छंद म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें टपालाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं उभीं राहतात. अमेरिकेंतील पुष्कळ रसिकांचा छंद याहून निराळा आहे. बेसबॉलच्या आद्य वीरांनीं ज्यांवर स्वहस्तें सही केली, असे चेंडू ते जमवितात. नामांकित क्रिकेटपटूंच्या सह्यांची बॅट आपल्याकडे जशी जपून ठेवतात, तसाच हा प्रकार. परंतु तेथें त्याचें एक शास्त्रच बनलें आहे, आणि त्या शास्त्राच्या मुळाशीं विश्वासाचा प्रश्न आहे.

बेसबॉलच्या चेंडूवर १०८ दुहेरी टांक्यांची शिवण असते. ती एके ठिकाणीं दोन्हीं बाजूंनीं जवळ येते व मध्यें चामड्याची एक अरुंद पट्टी उरते. त्या पट्टीवर एकट्या थोर खेळाडूची सही असली, म्हणजे संग्राहकाला तो चेंडू विशेष मोलाचा वाटतो.

हें मोल केवळ कीर्तीवर ठरत नाहीं. ७१४ होमरन काढणारा बेब रूथ १९४८ सालीं वारला. तो मुलांना हौसेनें सह्या देई. म्हणून त्याचे चेंडू महाग असले तरी पाहावयास मिळतात. उलट, क्रिस्टी मॅथ्यूसन हा नामांकित गोलंदाज १९२५ सालीं अवघ्या ४५ व्या वर्षीं क्षयानें गेला. त्याच्या एकट्याच्या सहीचा चेंडू अत्यंत दुर्मिळ. जो जॅक्सनची गोष्ट तर आणखी विलक्षण! त्याला लिहितां-वाचतां जवळजवळ येत नव्हतें. त्याच्या नांवाच्या सह्या बहुधा त्याची पत्नीच करी.

१२ जून १९३९ रोजीं कूपर्सटाऊन या गांवीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिराचें उद्घाटन झालें. तेथें निवड झालेले अकरा हयात खेळाडू व धुरीण एकत्र आले होते. टाय कॉब उशिरां पोंचला, त्यामुळें त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रांत दहाच जण दिसतात. मार्व्ह ओवेन या खेळाडूनें मात्र एका चेंडूवर अकराहि जणांच्या सह्या मिळविल्या. तोच चेंडू २०१८ सालीं सहा लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकला गेला.

जेथें एवढा पैसा, तेथें लबाडी आलीच. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यवर्ती पोलिसांनीं बनावट सह्या करणाऱ्यांच्या टोळ्या पकडल्या. त्या मालांत मदर तेरेसा यांच्या सहीचा बेसबॉलदेखील निघाला!

अशा वेळीं जाणकार काय करतो? अक्षराच्या वळणाकडे तो पाहतोच, पण त्याआधीं चेंडूलाच साक्षीला बोलावतो. त्या काळच्या अधिकृत चेंडूंवर संघमंडळाच्या अध्यक्षाचें नांव छापलेलें असे. विल्यम हॅरिज हे अमेरिकन लीगचे अध्यक्ष झाले १९३१ सालीं; तेव्हां त्यांच्या नांवाच्या चेंडूवर मॅथ्यूसनची सही असणें अशक्य. शाईहि अशीच बोलते. अमेरिकेच्या बाजारांत बॉलपेनची विक्री सुरू झाली १९४५ च्या ऑक्टोबरांत. लू गेरिग तर १९४१ सालींच निवर्तला होता. मग बॉलपेननें केलेली त्याची सही कितीहि हुबेहूब असो, ती खोटीच.

तथापि शाई आणि शिक्का यांनीं खोटें उघडकीस येतें. खरें सिद्ध होतेंच असें नाहीं. त्यासाठीं तो चेंडू कोणाच्या हातून कोणाकडे आला, याची अखंड हकीकत लागते. जॅक्सनच्या पत्नीनें पतीसाठीं केलेली सही त्याच्या हातची नव्हे; पण तशी ती कोणी सांगून दिली, तर तींत फसवणूक नाहीं. भोंदूनें घोटून काढलेलें वळण मूळ अक्षराशीं तंतोतंत जुळलें, तरी तें खोटेंच. म्हणून अनुभवी संग्राहक चेंडूबरोबर त्याची हकीकतहि लिहून ठेवतो. कारण पुढें तो चेंडू ज्याच्या हातीं जाईल, त्याला सहीइतकाच त्या हकीकतीचा आधार असतो.