रोबोंची झुंज पुन्हा पडद्यावर

रोबोंच्या झुंजीत दोन यंत्रे बंदिस्त रिंगणात समोरासमोर सोडतात. वेळ असतो तीन मिनिटांचा. तेवढ्यात एकाने दुसऱ्याला बंद पाडायचे. दोन्ही चालती राहिली तर पंच निकाल देतात. नुकसान कोणी जास्त केले, चाल करून कोण गेले आणि यंत्रावर ताबा कोणाचा होता, एवढेच ते पाहतात. यंत्रे स्वतःच्या डोक्याने लढत नाहीत. रिंगणाबाहेर उभा असलेला चालक रिमोटवरून त्यांना लढवतो. हा खेळ टीव्हीवर गाजला, मग बंद पडला आणि बारा-तेरा वर्षांच्या खंडानंतर परतला. अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ २०१५च्या जूनमध्ये एबीसी वाहिनीवर पुन्हा सुरू झाले. ब्रिटनचे ‘रोबॉट वॉर्स’ २०१६च्या जुलैमध्ये बीबीसीवर आले.

खेळाची सुरुवात झाली ती सॅन फ्रान्सिस्कोत. मार्क थॉर्प हा चित्रपटांसाठी छोट्या प्रतिकृती बनवणारा कारागीर. रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीतून त्याला झुंजीची कल्पना सुचली आणि १९९४ साली त्याने पहिली स्पर्धा भरवली. पुढे पैसा लावणाऱ्या कंपनीशी त्याचे बिनसले, प्रकरण कोर्टात गेले आणि अमेरिकेतला खेळ विस्कटला. कल्पना मात्र तोवर ब्रिटनला पोचली होती. बीबीसीने १९९८च्या फेब्रुवारीत ‘रोबॉट वॉर्स’ दाखवायला सुरुवात केली आणि घराघरांतली मुले वेडी झाली. अमेरिकेत ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन या नात्याने भाऊ लागणाऱ्या दोघांनी ‘बॅटलबॉट्स’ उभे केले. ते २००० ते २००२ कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर चालले. २००४ संपेपर्यंत दोन्हीकडचे पडदे रिकामे झाले होते.

टीव्ही निघून गेला, खेळ थांबला नाही. भंडारा जिल्ह्यात, एकोडी-साकोलीच्या भागात शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, जे झाले, तसेच हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर पट बंद झाला, २०२१च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. पण मधल्या काळात जोडीचे वेड काही उतरले नव्हते. रोबो बांधणारेही शेडमध्ये, गॅरेजमध्ये, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बांधत राहिले आणि छोट्या-मोठ्या स्पर्धा भरवत राहिले. लहानपणी पडद्यासमोर बसलेली मुले याच काळात इंजिनिअर झाली, हाती पगार आला. परतलेल्या कार्यक्रमाला स्पर्धक शोधत फिरावे लागले नाही ते यामुळे.

दुसरे कारण यंत्राच्या पोटातले. पहिल्या पर्वातले रोबो जड शिसे-आम्लाच्या किंवा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांवर चालत. मोटारी बहुधा अपंगांच्या व्हीलचेअरमधून काढलेल्या. रेडिओ जुन्या पद्धतीचा, त्यामुळे एकाच्या रिमोटचा दुसऱ्याच्या यंत्रात व्यत्यय येई. मधल्या दशकात खेळण्यातली विमाने आणि ड्रोन यांच्यामुळे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या, ब्रशलेस मोटारी आणि २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ सहज मिळू लागले. बॅटरी आणि मोटार हलकी झाली, की वाचलेले वजन हत्यारात आणि चिलखतात घालता येते. मोठ्या गटात वजनाची मर्यादा सुमारे ११० किलो; त्यातला किलो न किलो मोजून खर्चावा लागतो. चिलखतासाठी हार्डॉक्ससारखे, खाणीतल्या डंपरच्या हौद्याला लावतात ते कणखर पोलाद वापरतात.

हत्यारांचे प्रकार थोडेच. पाचरीच्या आकाराचा रोबो समोरच्याच्या खाली घुसून त्याची चाके जमिनीपासून सोडवतो. फ्लिपर दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला उलथवतो. ब्रिटनमध्ये दोनदा विजेता ठरलेला ‘केऑस २’ याच जातीचा, आणि समोरच्याला उचलून थेट रिंगणाबाहेर फेकण्याचा मान पहिल्यांदा त्याला मिळाला. ‘रेझर’ हायड्रॉलिक चोचीने पत्रा फोडत असे. परतीच्या काळात राज्य केले ते स्पिनरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याने किंवा चकतीने.

स्पिनर इतका घातक का, हे साध्या हिशोबात दिसते. दहा किलो वजनाची, वीस सेंटिमीटर त्रिज्येची पोलादी चकती मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर तिच्यात जवळजवळ दहा हजार ज्यूल ऊर्जा साठते. एक टन वजन मीटरभर उचलायला तेवढीच ऊर्जा लागते, आणि इथे ती डोळ्याचे पाते लवायच्या आत समोरच्या पत्र्यात उतरते. फेरे दुप्पट केले की ऊर्जा चौपट होते. म्हणून ‘बॅटलबॉट्स’च्या नियमांनी पात्याच्या टोकाचा वेगच ताशी सुमारे ४०० किलोमीटरवर बांधला. धक्का मात्र दोन्हीकडे बसतो. चकती समोरच्याला उडवते तेव्हा स्वतःचा सांगाडाही तितक्याच जोराने मागे ढकलला जातो, आणि स्वतःच्याच टोल्याने तारा सुटून गप्प झालेले स्पिनर काही कमी नाहीत.

म्हणून रिंगणाभोवती जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती असतात आणि सुरक्षेचे नियम लढतीच्या नियमांपेक्षा कडक असतात. यंत्र रिंगणात आणतात ते बंद अवस्थेत, हत्याराला लोखंडी दांडी अडकवून. मग अंगावरच्या भोकातून ‘लिंक’ म्हणजे बॅटरी जोडणारा एक छोटा तुकडा खोचतात, दिवा लागतो, शेवटी दांडी काढतात आणि माणूस दार लावून बाहेर येतो. लढत संपल्यावर आधी पाते थांबायचे, मग लिंक निघायची, मगच कोणी हात लावायचा. रिमोटचा संपर्क तुटला तर यंत्राने आपोआप थांबले पाहिजे, ही अट तपासणीतच पाहतात. लिथियम बॅटरी फुटली तर धुराचा लोट उठतो; त्यामुळे वाळूच्या बादल्या हाताशी ठेवतात. प्रेक्षकांना यातले फार थोडे दिसते, आणि कार्यक्रमांनी ते जास्त दाखवायला हरकत नव्हती.

परतणे म्हणजे टिकणे नव्हे, हेही लगेच दिसले. बीबीसीने तीन पर्वे करून २०१८ साली कार्यक्रम पुन्हा बंद केला. एबीसीने दोन पर्वांनंतर हात काढून घेतला. ‘बॅटलबॉट्स’ मात्र २०१८मध्ये डिस्कव्हरीकडे जाऊन तगले.

महाराष्ट्रात ही झुंज टीव्हीपेक्षा कॉलेजांनी जास्त जोपासली. पवईच्या आयआयटी मुंबईत १९९८पासून ‘टेकफेस्ट’ भरतो आणि त्यातले ‘रोबोवॉर्स’ हे गर्दी खेचणारे आकर्षण आहे. लढती वजनगटांनुसार होतात. मोठ्या गटातली यंत्रे साठ किलोपर्यंतची. देशभरातल्या कॉलेजांबरोबर परदेशी संघही येतात. विद्यार्थ्यांच्या संघाला पोलाद कापून घ्यायचे, लेथवर शाफ्ट काढायचा, मोटारी मागवायच्या आणि स्पर्धेच्या आदल्या रात्रीपर्यंत वेल्डिंग करायचे, अशी सगळी कामे स्वतःच उरकावी लागतात. महिनोन्‌महिन्यांची मेहनत तीन मिनिटांत भंगारात जाऊ शकते, आणि तरी पुढच्या वर्षी संघ हजर असतो.

टीव्हीने इथे हात धरला तो दुसऱ्या स्पर्धेचा. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली टोकियोत ‘रोबोकॉन’ सुरू केले. जपानच्या एनएचकेची विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा त्याआधीपासून चालू होती. तीच देशोदेशी नेली. भारतात सूत्रे दूरदर्शनकडे. राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्याच्या एमआयटीच्या सहकार्याने झाली, आणि पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय अशा कॉलेजांचे संघ तिच्यात उतरत आले. इथे प्रतिस्पर्ध्याचे यंत्र मुद्दाम मोडणे हा गुन्हा. यजमान देश दर वर्षी नवा खेळ रचतो आणि तीन मिनिटांत तो यंत्रांकडून खेळवून घ्यायचा.

२००८च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली आणि खेळ ठरला दहीहंडीचा. यंत्रांनी उंचावरचे लोणी काढायचे. विजयाची आरोळी ‘गोविंदा’. जन्माष्टमीच्याच महिन्यात चीन, जपान, व्हिएतनामचे विद्यार्थी पुण्यात बसून हंडी फोडायचे गणित मांडत होते! जिंकला चीनचा शिआन जिआओतोंग विद्यापीठाचा संघ. सहा वर्षांनी, २०१४च्या ऑगस्टमध्ये, स्पर्धा पुन्हा बालेवाडीत आली. या वेळी विषय आईबापांना सलाम करण्याचा होता. माणसाने चालवलेला पालक-रोबो आपोआप चालणाऱ्या बाल-रोबोला बागेत नेतो. मूल सीसॉवर बसते, झोका घेते, खांबांवरून चालते, जंगलजिमवर चढते. मुलाला इजा न करता उचलणे आणि नेमक्या जागी ठेवणे, यात सगळी कसोटी होती. पाते फिरवण्यापेक्षा ते जास्त अवघड, हे रोबो बांधणारा कोणीही कबूल करील. सगळी कामे पुरी करणाऱ्या संघाने मिळवायचे ते ‘शाबास’. ते वर्ष व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाचे ठरले.

भारताकडे यजमानपद तिसऱ्यांदा आले ते २०२२ साली, दिल्लीत. खेळ निवडला लगोरी. पाच चकत्यांची उतरंड. एका संघाच्या रोबोने चेंडू मारून ती पाडायची, मग त्याच्या साथीदाराने चकत्या उचलून पुन्हा रचायच्या. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला, आणि विरुद्ध बाजूचा रोबो नेम धरून तो पाडायला बघणार. यंत्राला यंत्राने धक्का न लावता नेमबाजीची चुरस लावण्याची ही युक्ती आहे, आणि झुंजीच्या सर्वांत जवळ रोबोकॉन गेले ते इथेच.