सेवा तर मुली घरातही करतात

(वरोरा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



समाजसेवेतून विद्यार्थी घडतात, जगाचे नागरिक होतात, असं हल्ली सगळेच म्हणतात. पण मुलींचं काय? पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, आजीचं दुखणंखुपणं काढणं, ही सेवा त्या लहानपणापासून करतात. त्याचे गुण कुणी देत नाही. मग शिबिरात जाऊन त्यांनी आणखी काय शिकायचं?

वरोऱ्यात बसलोय, तर इथलंच बोलू. बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९५१ साली आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोग्यांनी माळरानावर भाजी पिकवली, पण ती गावात कुणी घेईना. पुढे त्याच दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण इथे येऊन राहिले. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव पुन्हा उभारायला १९२० साली वेगवेगळ्या देशांतले लोक एकत्र आले, त्यात जर्मनही होते. त्यातून ही संघटना निघाली. तिच्या पोरांनी इथे रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केलं, इथलंच अन्न खाल्लं. तेव्हा कुठे गावाची भीती मोडू लागली. गोऱ्यांनी खाल्लं म्हणून आपण खाल्लं, हे मला अजून खटकतं. असो.

साठच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिना, चंद्रपूरचं ऊन, आणि कुदळ-फावडं घेतलेल्या मुली! मी मुलींना शिबिरांना नेते, त्यामुळे सांगते, परवानगी काढण्यातच निम्मं शिबिर होतं. कामाला घरच्यांची ना नसते. रात्री घराबाहेर, तेही मुलांबरोबर, याला असते.

एकदा आनंदवनात आमच्या एका मुलीनं हातमागावरच्या वयस्क बाईंना विचारलं, “मावशी, घरी जाता का कधी?” बाई म्हणाल्या, “कोणाच्या घरी, पोरी?” नवऱ्यानं दुसरी केली होती.

मुलगी परतली ती प्रश्न घेऊनच. मग आम्ही कायदा काढून वाचला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा बरा न होणारा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला, रोग पुरता बरा होऊ लागला. तरी ती तरतूद निघाली २०१९ साली! सदतीस वर्षं. कागदावर ती नवरा-बायको दोघांनाही लागू होती. पण घराबाहेर काढलेल्या बाईला ना माहेर, ना जमीन, ना कोर्टाचा खर्च.

त्या मुलीनं घमेली किती उचलली, ते मी मोजलं नाही. पण घरात आईच्या नावावर काय आहे, हे तिनं त्यानंतर पहिल्यांदा विचारलं. वडील चिडले. आई गप्प बसली, पण दुसऱ्या दिवशी सातबारा दाखवायला तीच घेऊन आली.

यंदा ज्यांच्या मुलींना घरून नकार आलाय, त्यांनी सभा संपल्यावर थांबा. दोघीतिघी मिळून त्यांच्या घरी जाऊ.